बारी प्रज्ञाची होती

प्रज्ञा, अन्याय तुझ्यावर झाला. गौरी-गणपतीच्या सुट्ट्या संपून कॉलेज उघडलं त्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी झाला. सेमिनार हॉलमधला पडदा उजळला, त्यावर ‘स्मार्ट गल्ली’ अशी निळी अक्षरं आली आणि त्याखाली संकल्पना म्हणून आपल्या गटातल्या ओंकारचं नाव आलं. तुझं नाव पार खाली, ‘विशेष सहकार्य’ या ओळीत, माईक जोडणाऱ्या पोरांच्या वर. मी तुझ्या शेजारी बसले होते. उठणारच होते. तू माझं मनगट धरलंस आणि हळूच म्हणालीस, “बस गं. आधी बघू दे, बारी ठेवली का काढली.”

काढली होती.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. कॉलेजच्या गेटवर तुझा बॅनर लागलाय. फोटो ओळखपत्रावरचा, ज्यात तू शिंक अडकल्यासारखी दिसतेस आणि जो तू कुणाला दाखवायची नाहीस. खाली लिहिलंय, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. शेजारच्याच खांबावर दुसरा बॅनर आहे. ‘स्मार्ट गल्ली’ची पुढच्या फेरीसाठी निवड झाली म्हणून हार्दिक अभिनंदन. त्यावर ओंकार आहे, प्रकल्पाचे सर आहेत, कॉलेजची इमारतसुद्धा आहे. तू नाहीस. एका खांबावर गेलेली प्रज्ञा, दुसऱ्या खांबावर तिचं काम, आणि मधून पोरंपोरी जाऊन येऊन राहिलीत. कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

मला यावर जे लिहायचं ते मी तिथंच उभं राहून मनात लिहून टाकलं. निषेध, धिक्कार, जाहीर माफी. मग तू आठवलीस. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तुझ्या हातात पडायचं आणि तू पेन घेऊन उद्गारचिन्हं खोडत बसायचीस. “पत्रकबाई,” तू म्हणायचीस, “तुझ्या पत्रकात बोलणारं माणूस एकच असतं आणि ते सारखं ओरडत असतं. वाचणाराला बोलायला जागा ठेव ना जरा.” एकदा तर बसस्टँडवर, गर्दीत, मोठ्यानं विचारलंस, “ही मागणी कुणाकडं आहे?”

“प्रशासनाकडं.”

“अन् ही?”

“शासनाकडं.”

“मंग वाचणाराकडं काहीच मागायचं न्हाई का? तो फुकटात वाचून, घडी घालून, त्यात भजे बांधून नेतो.”

मी चिडले होते. आता हे लिहिताना तो प्रश्न माझ्यासमोर बसलाय.

लोकांना सांगायला हवं की बारी म्हणजे काय होतं, कारण ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाही ते माहीत नाही. मी राजूरची, शिकायला जालन्यात मामाकडं राहते. आमची गल्ली उताराची. वरच्या अंगाला मामाचं घर आणि आमच्यासारखी घरं. खालच्या अंगाला, विहाराकडं, तुमची घरं. पाइप एकच, नळ ज्याच्या त्याच्या दारात, आणि नळाखाली ज्याचा त्याचा ड्रम. पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की थोडा वेळ येतं आणि जातं ते कितीक दिवसांसाठी. तुमच्या घरी तू आणि काकू, तुझी आई, दोघीच. काकू सकाळच्या गाडीनं बदनापूरला, संशोधन केंद्रावर रोजानं निंदायला-खुरपायला. तू कॉलेजात. नळ सुटायचा भरदिवसा. तुमच्या दाराला कुलूप, तोटी बंद, ड्रम कोरडा.

म्हणून कॉलेजनं जेव्हा स्पर्धेसाठी प्रत्येक गटानं एक उद्योग-कल्पना द्यावी असं सांगितलं आणि सगळे फूड डिलिव्हरीच्या मागं लागले, तेव्हा तू म्हणालीस, “आपण कॅलेंडर बनवू.”

“मोबाईलमध्ये असतंच की,” ओंकार म्हणाला.

“ते एकट्याचं असतं. आपण गल्लीचं बनवू.”

आपलं पहिलं भांडण त्यात सणवार टाकायचे की नाही यावरून झालं. माझं म्हणणं, चतुर्थ्या, एकादश्या, चौदा एप्रिल, ईद, सगळं आधीच भरून देऊ, लोकांना बरं वाटेल. तू ऐकेनास. “आधीच भरलेलं कॅलेंडर कुणाचं तरी असतं,” तू म्हणालीस. “रिकामं देऊ. ज्याला जे लिहायचं ते तो लिहील.” मी तुला अडमुठी म्हणाले. पहिल्याच आठवड्यात मामीनं त्यात नळाच्या आधी तिच्या भिशीचा दिवस लिहिला, खालच्या अंगाच्या एका आजोबांनी नातवाची परीक्षा लिहिली, आणि तू माझ्याकडं बघून भुवई उडवलीस. बोलली नाहीस. बोलली असतीस तर मला भांडता आलं असतं.

आणि मग ती गंमत झाली, जी आमच्याच गल्लीत होऊ शकते. ठरलं होतं की ज्याला नळ आल्याचं पहिलं कळेल त्यानं बटण दाबायचं, सगळ्यांचे फोन वाजतील. बटण कुणी दाबेचना. म्हणजे दाबायचे, पण आपले ड्रम, हंडे, बादल्या, कुकर, पोरांच्या बाटल्यासुद्धा भरून झाल्यावर. फोन वाजेपर्यंत नळ फुसफुसायला लागलेला. ओंकार कपाळाला हात लावून बसला. मी गल्लीच्या स्वार्थीपणावर पत्रक काढायला निघाले. मामीला तोंडावर विचारलं तर ती म्हणाली, “मंग काय आधी दुनियेला सांगू? वरच्या मोटारी एकदम चालू झाल्यावर माझ्या नळाला काय हवा येईल?”

तू हसत होतीस. “मामी बराबर बोलून राहिल्या,” तू म्हणालीस. “चूक आपली आहे. आपण लोकांना बातमी द्यायला लावली. काम दिलंच न्हाई.”

काम काय द्यायचं ते तुला आमच्या राजूरला सुचलं. अंगारकीला मी तिथल्या गणपतीपाशी पत्रकं वाटायला गेले होते, तू माझ्यासोबत आलीस. दर्शनाला तू जाणार नव्हतीस, मी आग्रह केला नाही. तू बाहेर पेढ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून दर्शनाची बारी बघत राहिलीस. मी परत आले तर विचारलंस, “ह्या लोकांला कुणी विचारतं का, तुम्हाला कुणाच्या मागं उभं राहायचंय?”

“कसं विचारतील? जो येईल त्याच्या मागं.”

“हां,” तू म्हणालीस. “हेच.”

त्या रांगेतून बारी निघाली. प्रत्येकानं कॅलेंडरात एवढंच लिहायचं की आपण कोणत्या दिवशी घरी आहोत आणि कोणत्या दिवशी दाराला कुलूप आहे. नळ आला की जो घरी आहे त्याच्या फोनवर एक कुलपाचं घर येणार. आधी त्या घराचा ड्रम भरायचा, मग आपला. कुणाचं घर कुणाकडं येईल ते दाराच्या क्रमानं ठरणार. निवडायचं नाही. बदलायचं नाही.

निवडायचं नाही हे का, ते तू ओंकारला सांगितलं नाहीस. मलाही नाही. मला ते कॅलेंडरात दिसलं. दाराचा क्रम लावण्याआधी कुणाचा ड्रम भरायचा ते आपण लोकांना निवडू दिलं होतं, आणि वरच्या अंगानं वरचीच घरं निवडली होती. एकही नाव उतारावरून खाली गेलं नव्हतं. खालून वर आलेली दोन नावं होती, ती ‘आमचं आमी बघतो’ म्हणून परत गेली होती. त्यातलं एक नाव तुझं होतं, आणि परत पाठवणारी माझी मामी.

मामी दिवाळीपर्यंत बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जाते, म्हणजे कुलूप आमच्याही दाराला असतं. पहिल्यांदा तुझ्या बारीला आमचं घर आलं तेव्हा मामीनं सकाळी कामावर जाताना तुला निरोप ठेवला, की ड्रमचं झाकण लई घट्ट आहे, तुला उघडणार न्हाई, राहू दे. तू दुपारी आलीस, झाकण उघडलंस, ड्रम भरलास, झाकण लावलंस. संध्याकाळी मामी आली. ड्रमकडं बघत उभी राहिली. मी आत पोह्याची बशी घेऊन बसले होते आणि माझा घास तोंडातच राहिला. पाणी ओतून देईल असं मला वाटलं. मामीनं तांब्या घेतला, झाकण उघडलं, पाय धुतले. प्यायला मात्र जुन्या हंड्यातलंच घेतलं. तो हंडा संपायला वेळ लागला नाही. पुढं तिला पर्यायच नव्हता.

मी हे तुला रंगवून सांगितलं, मामीला दोन शिव्याही दिल्या. तू म्हणालीस, “मामीला बोलू नको. तिचं मन बदलायची वाट बघितली तर ड्रम कोरडा राहील. आधी पाणी भरू.”

प्रज्ञा, मी कितीतरी सभांना गेले, कितीतरी भाषणं ऐकली. एवढं नेमकं वाक्य मला कुठं मिळालं नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

त्या सोमवारी हॉलमध्ये पडद्यावर बारीच्या जागी काय होतं? ‘आपला शेजारी स्वतः निवडा’. चित्रात हसणारी माणसं. परीक्षकांनी आधीच्या फेरीत सांगितलं होतं की ग्राहकाला निवड हवी, नाहीतर हा धंदा नाही, शेजारधर्म आहे. सर म्हणाले, बदल करा. तू नाही म्हणालीस. सरांनी तुझ्याशी वाद घातला नाही. फक्त पुढच्या सादरीकरणाला ओंकारला बोलावलं. एवढ्या सहज ते झालं. सरांना मी दुष्ट म्हणत नाही. ते आमच्यासाठी रविवारीही लॅब उघडायचे. त्यांना बक्षीस हवं होतं, कॉलेजसाठीच हवं होतं. पण माणूस चांगला असला म्हणून त्यानं केलेलं चांगलं होत नाही, आणि हे त्यांनीच आम्हाला शिकवायला हवं होतं.

ओंकारबद्दलही सांगते, कारण तू असतीस तर सांगायला लावलं असतंस. ॲपची स्क्रीन त्यानं बनवली, सुंदर बनवली. त्या दिवशी तो टाळ्या वाजत असताना पायांकडं बघत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, आज पत्रक निघणार, मथळा तुझ्या नावाचा. आणि आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

“माझ्या नावाचं काढू नको. बारीचं काढ.”

“नाव गेलं की बारी जाते, प्रज्ञा. तुझं नाव होतं तोवर कुणी बारीला हात लावला का?”

“लावलाच की. म्हणून तर नाव काढलं.”

“तेच म्हणते मी.”

“न्हाई, तू म्हणते मला न्याय द्या. मी म्हणते, ते निवडायचं बटण काढा. पाण्यात निवड दिली की काय होतं, ते माझ्या आजीला विचार. तुझ्या आजीलाही विचार.”

मी म्हणाले, दोन्ही लिहिते. तू म्हणालीस, दोन्ही लिहिलं की लोकं सोपं तेवढं वाचतात. रिक्षा आली. तू बसलीस. “उद्या भांडू,” म्हणालीस. नंतर भांडायला वेळच मिळाला नाही. आधी माझी परीक्षा, मग तुझा ताप.

‘अल्पशा आजार’ हा शब्द मला त्या बॅनरवरून खरवडून काढायचाय. तो डेंग्यू होता. आणि डेंग्यूचे डास आमच्याच ड्रमांत होते, कारण नळाचा नेम नाही म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरात दिवसचे दिवस साठवलेलं पाणी असतं. ज्या पाण्यासाठी तू हे सगळं केलंस त्याच पाण्यानं तुला गाठलं. मला माहीत आहे, तू म्हणशील, माझं पत्रक करू नको. एवढं एक वाक्य मी लिहिणार. रागव.

पण दवाखान्यातलं मात्र मला कृतज्ञतेनं लिहायचंय. तुला भरती केलं त्या दिवशी काकू कॉरिडॉरमध्ये बसून एकच म्हणत होती, कामावर नाही गेले तर नाव कटतं, आणि गेले तर हिच्याजवळ कोण. ओंकारनं काही न विचारता कॅलेंडरात तुमचं घर दवाखान्याच्या नावानं टाकलं. त्याच्या लॅपटॉपवर बारी अजून जिवंत होती. फोन वाजायला लागले. दाराच्या क्रमानं. वरचं दार, खालचं दार, वरचं. कुणी डबा, कुणी रात्रीचं बसणं, कुणी रक्तपेढीत रांग. पहिल्यांदा रक्त द्यायला ओंकारच उभा राहिला, आणि सुई बघून त्यालाच चक्कर आली. तू एवढ्या तापात हसलीस.

मामीची बारी आली तेव्हा मला वाटलं, ती काहीतरी कारण काढेल. ती कंपनीत सुट्टी टाकून आली. पिशवीत पपईच्या पानांचा रस, त्यावर झाकण, त्यावर रुमाल. नर्सनं तो रस काही देऊ दिला नाही. मामी स्टुलावर बसली, तुझ्या डोक्यावरची पट्टी बदलत राहिली.

“पोरी, तुझ्या त्या मोबाईलनं मला इथं आणून बसवलं बघ.”

तू डोळे न उघडता म्हणालीस, “मामी, ते झाकण खरंच घट्ट होतं का?”

मामीनं पट्टी उचलून पाण्यात बुडवली. मग म्हणाली, “गप पड. ताप हाय तुला.” आणि पट्टी पिळताना तिनं तोंड खिडकीकडं केलं.

मामीचं मन बदललं असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही, आणि तू मला न माहीत असलेलं लिहू द्यायची नाहीस. बारी आली म्हणून ती आली, आली म्हणून बसली, एवढं मी बघितलं.

दसरा गेला. तू विहारात जायचं म्हणत होतीस, पांढरी साडी काकूनं इस्त्रीला दिली होती. ती साडी घेऊन आम्ही दुसऱ्याच कामाला आलो. त्याबद्दल मला आज लिहिता येत नाही.

मागच्या आठवड्यात माझ्या फोनवर आलं: नळ आला, बारी प्रज्ञाची, घर मामीचं. कॅलेंडरातून तुझं नाव कुणी काढलंच नव्हतं. पुढच्या सगळ्या सोमवारी दुपारनंतर तू घरी असणार असं तूच लिहून ठेवलंयस. ओंकारचा लगेच फोन आला, आवाज रडका. “काढू का गं नाव? काकूच्या फोनवर पण गेलं असंल ते.”

गेलं होतं. मी उतरून खाली पळाले तर काकू दाराला कुलूप लावत होती. ती अजून कामावर जात नाही. म्हणाली, “नाव राहू दे म्हणावं त्याला. तिची बारी मी करते.”

काकू चढ चढून आमच्या दारात आली. मामीनं कॅलेंडरात कुलूप लिहिलं होतं, पण त्या दिवशी काम नव्हतं, ती घरीच होती. म्हणजे खरं तर बारीची गरजच नव्हती. मामी ओट्यावर उभी, काकू पायरीच्या खाली. नळ वाहत होता. मला वाटलं मामी म्हणेल, राहू द्या, माझं मी भरते. ती तसं म्हणाली असती तरी त्यात चूक नव्हती. मामीनं पुढं होऊन ड्रमचं झाकण उघडलं आणि ते हातात धरून बाजूला उभी राहिली. काकूनं नळाला पाइप जोडला. ड्रम भरल्यावर मामीनं त्यातूनच तांब्या भरला, काकूला दिला, काकू प्यायली, मग मामी प्यायली. त्याच तांब्यानं.

तू हे बघायला हवं होतंस. मी सांगतेय ते पुरेसं नाही.

ओंकार परवा सरांकडं गेला होता. एकटा गेला, मला न सांगता. म्हणाला, संकल्पना प्रज्ञाची आहे, बारी परत टाकतो. सर म्हणाले, नाव वर स्पर्धेवाल्यांकडं गेलंय, आता बदल होत नाही, तिच्यासाठी आपण बॅनर लावलाय ना. सर, मी इथं तुम्हाला सांगते, ओरडून नाही. पुढच्या फेरीत पडदा उजळेल तेव्हा पहिल्या ओळीत प्रज्ञाचं नाव हवं आणि निवडायचं बटण नको. ती जिवंत असताना नाव काढता आलं, तर आता लावताही येईल. आणि प्रज्ञा, आपलं भांडण मी असं मिटवलं: दोन्ही लिहिलं. लोकांनी सोपं तेवढं वाचू नये म्हणून अवघड शेवटी ठेवलंय.

ते तुमच्याकडं आहे, हे वाचणाऱ्यांनो. तुम्हाला फुकटात वाचून जाऊ द्यायचं नाही, असं ती मला सांगून गेलीय. तुमच्या गल्लीत दिवसा कुलूप असलेलं एक घर आहे. कोणतं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही निवडलं असतं असं घर नको. दाराच्या क्रमानं जे येतं ते. घरात भिंतीवर कॅलेंडर असेल. उठा, येत्या सोमवारच्या चौकोनात त्या घराचं नाव लिहा, आणि त्यापुढं तुमचं.